बातमी एका सकाळची, निकाल चोवीस वर्षांनी

१५ ऑक्टोबर १९९४ रोजी श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही या अग्निबाणाचे दुसरे उड्डाण यशस्वी झाले. आदल्या वर्षीचे पहिले उड्डाण फसले होते, त्यामुळे या यशाचे मोल मोठे होते. त्या अग्निबाणाच्या दुसऱ्या टप्प्यात ‘विकास’ इंजिन होते आणि ते घडवणाऱ्या चमूचे नेतृत्व नंबी नारायणन या शास्त्रज्ञाने केले होते. जेमतेम दीड महिना उलटतो न उलटतो तोच, ३० नोव्हेंबर रोजी, केरळ पोलिसांनी याच शास्त्रज्ञाला देशाची गुपिते विकणारा हेर म्हणून अटक केली. तत्पूर्वी काही दिवस त्यांचे सहकारी डी. शशिकुमारन यांनाही ताब्यात घेण्यात आले होते.

या प्रकरणाचा उगम एका क्षुल्लक गोष्टीत होता. मालदीवची एक महिला तिरुवनंतपुरमला आलेली होती. सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत प्लेगची साथ उद्भवली आणि मालदीवने भारताशी असलेली विमानसेवा थांबवली. परतीचा मार्ग बंद झाल्याने व्हिसाची मुदत वाढवून घेण्यासाठी ती पोलिसांकडे गेली आणि २० ऑक्टोबरला मुदतीपेक्षा अधिक काळ देशात राहिल्याच्या आरोपावरून तिलाच अटक झाली. गुन्हा तेवढाच होता. तिने शास्त्रज्ञांना दूरध्वनी केल्याचे निष्पन्न होताच त्याला फाटे फुटू लागले. नोव्हेंबरच्या मध्यास शासकीय गोपनीयता कायद्याखाली हेरगिरीचा गुन्हा नोंदवला गेला आणि तिच्या एका मैत्रिणीलाही तुरुंगात टाकण्यात आले.

जाता जाता सुरतेच्या प्लेगविषयीही एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्या साथीतील मृत्यूंची अधिकृत संख्या शंभराच्या पुष्कळ खाली राहिली. परंतु अफवांनी असा काही कहर केला की लक्षावधी लोक शहर सोडून मिळेल त्या गाडीने पळाले आणि मुंबईच्या औषधांच्या दुकानांतून टेट्रासायक्लिनच्या गोळ्या दिसेनाशा झाल्या. म्हणजे जी महिला पुढे एका मोठ्या अफवेची नायिका ठरवली गेली, ती अडकून पडली होती त्यामागेही एक साथ आणि तिच्याहून वेगाने पसरलेली घबराटच होती.

हेरगिरीचा गुन्हा दाखल झाल्यावर केरळच्या वृत्तपत्रसृष्टीत जे घडले, त्याला वार्तांकन म्हणणे कठीण आहे. रोज नवी कथा छापून येऊ लागली. कधी गुंडाळ्या करून नेलेले आराखडे, कधी डॉलरच्या थैल्या, कधी सुंदर ललनेच्या मोहपाशात सापडलेले वैज्ञानिक. शास्त्रज्ञ, परदेशी स्त्री, पैसा आणि पाकिस्तान हे चार घटक एका मथळ्यात मावत असतील तर पाचव्या घटकाची, म्हणजे पुराव्याची, कोणाला आठवण राहणार? पोलिसांच्या कोठडीत काय ‘कबूल’ झाले, याचे सविस्तर वृत्तान्त जणू वार्ताहर तेथे बसून ऐकत होते अशा थाटात प्रसिद्ध होत होते. या सर्व मजकुराला आधार एकच होता, तो म्हणजे ‘विश्वसनीय सूत्रे’. ही सूत्रे तपास यंत्रणेतीलच होती, आणि ज्या यंत्रणेपाशी पुरावा नव्हता तिला वृत्तपत्रांतील गदारोळ हाच पुरावा म्हणून उपयोगी पडत होता. पोलिसांनी बातमी पुरवायची, वृत्तपत्राने ती छापायची आणि मग छापून आले आहे म्हणून पोलिसांनी आणखी अटका करायच्या, असे ते चक्र होते. एका दैनिकाने छापले म्हणून दुसऱ्याने त्याहून चटकदार छापायचे, ही त्याच चक्राला मिळालेली गती.

वास्तविक एक साधा प्रश्न कोणत्याही संपादकाने आपल्या वार्ताहराला विचारायला हवा होता. जे तंत्रज्ञान विकल्याचा बोभाटा चालला होता, ते क्रायोजेनिक इंजिनाचे तंत्रज्ञान १९९४ साली भारताजवळ होते काय? नव्हते. १९९१ मध्ये भारताने ग्लावकॉसमॉस या संस्थेशी करार केला होता. मे १९९२ मध्ये अमेरिकेने इस्रो आणि ग्लावकॉसमॉस या दोघांवरही निर्बंध लादले आणि पुढील वर्षी रशियाने दबावापुढे मान तुकवून तंत्रज्ञान देण्यास नकार दिला. जे घरातच आलेले नव्हते ते चोरून विकले गेले, असा हा आरोप होता! शिवाय अग्निबाणाचे इंजिन हे काही पाकशास्त्राच्या पुस्तकातील कृती नव्हे की कागद हाती आला आणि पदार्थ तयार झाला. त्यामागे कारखाने, चाचणीस्थाने, विशेष धातू आणि वर्षानुवर्षांचा अनुभव असावा लागतो. पण हा प्रश्न विचारणारे पत्रकार त्या वेळी बोटांवर मोजण्याइतकेच निघाले. जे. राजशेखरन नायर हे त्यांपैकी एक होते. या बनावावर त्यांनी पुढे पुस्तकही लिहिले.

डिसेंबर १९९४ च्या प्रारंभी तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला. नंबी नारायणन यांची सुटका झाली तोवर पन्नास दिवस लोटले होते. एप्रिल १९९६ मध्ये सीबीआयने आरोप खोटे असल्याचा अहवाल न्यायालयात सादर केला आणि मे महिन्यात एर्नाकुलमच्या मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांनी तो स्वीकारला. कोणत्याही सुसंस्कृत व्यवस्थेत प्रकरण येथे संपले असते. येथे ते संपले नाही. केरळात नुकतेच सत्तेवर आलेल्या डाव्या आघाडीच्या सरकारने तपास पुन्हा राज्य पोलिसांकडे सोपवण्याचा निर्णय घेतला. सर्वोच्च न्यायालयाने २९ एप्रिल १९९८ रोजी तो रद्द ठरवला आणि प्रत्येक आरोपीला एक लाख रुपये खर्चापोटी देण्याचा आदेश दिला. मालदीवच्या त्या दोन महिला तोपर्यंत तुरुंगातच होत्या. सुमारे साडेतीन वर्षे!

राजकारणाने या आगीत तेल ओतले हेही विसरून चालणार नाही. तत्कालीन मुख्यमंत्री के. करुणाकरन यांच्यावर एका वरिष्ठ पोलिस अधिकाऱ्याला पाठीशी घातल्याचा आरोप झाला. त्यांच्याच पक्षातील विरोधी गट आणि विरोधी पक्ष दोघेही त्यांच्यामागे हात धुऊन लागले आणि मार्च १९९५ मध्ये त्यांना पायउतार व्हावे लागले. ज्या प्रकरणाच्या वादळात मुख्यमंत्र्यांची खुर्ची गेली, ते प्रकरणच अस्तित्वात नव्हते, हे पुढच्याच वर्षी सिद्ध झाले. गेलेली खुर्ची काही परत आली नाही. राजकारण्यांच्या खुर्च्या येतात आणि जातात, त्यासाठी फार अश्रू ढाळण्याचे कारण नाही. परंतु आयुष्यभर देशाच्या अग्निबाणांसाठी झिजलेल्या माणसाच्या घराकडे ‘हेराचे घर’ म्हणून बोट दाखवले जाते, तेव्हा हानी एका कुटुंबापुरती राहत नाही. प्रयोगशाळेत काम करणारा प्रत्येक तरुण ते पाहत असतो. सतीश धवन, उ. रा. राव, यशपाल यांच्यासारखी ज्येष्ठ मंडळी आरोपी शास्त्रज्ञांच्या बाजूने जाहीरपणे उभी राहिली, ती हे जाणूनच. स्वदेशी क्रायोजेनिक टप्प्यासह जीएसएलव्हीचे यशस्वी उड्डाण होण्यास ५ जानेवारी २०१४ ही तारीख उजाडावी लागली. या विलंबाची कारणे अनेक होती. त्यांतले एक कारण असे की, या प्रकल्पाचा प्रमुखच ऐन वेळी गजाआड होता.

येथवरची कथा आता पुष्कळांना ठाऊक आहे. २०२२ मध्ये आलेल्या ‘रॉकेट्री : द नंबी इफेक्ट’ या चित्रपटाने ती घरोघरी पोहोचवली. चित्रपटगृहात अनेकांचे डोळे पाणावले. मात्र १९९४ साली हीच प्रेक्षकमंडळी कोठे होती, हा प्रश्न थोडा अडचणीचा आहे. नंबी नारायणन यांच्याविरुद्ध घोषणा देणारे लोक देशाचे शत्रू नव्हते. ती देशावर प्रेम करणारी, चारचौघांसारखी सज्जन माणसे होती. किंबहुना देशावर प्रेम होते म्हणूनच ती चिडली होती. लाचखोरीचा आरोप झाला तर मनुष्य एकदा तरी ‘खरे असेल काय?’ असे विचारतो, परंतु देशद्रोहाचा आरोप कानी पडताच रक्त उसळते आणि विचारणे राहून जाते. परकीय निर्बंधांची जखम ताजी होती, पाकिस्तानचे नाव गोवले गेले होते, त्यामुळे असत्याला राष्ट्रभक्तीचे वस्त्र नेसवले गेले आणि ते शोभूनही दिसले. राष्ट्रवादी विचारांच्या घरांनी या प्रकरणाकडे केवळ ‘त्यांच्या’ माध्यमांचे पाप म्हणून पाहिले, तर त्यातील अर्धी गोष्ट निसटून जाईल.

आजही याची परीक्षा होतच असते. या कारस्थानामागे अमेरिकेचा हात होता, अशी शंका स्वतः नंबी नारायणन यांनी अनेकदा बोलून दाखवली आहे. ज्याने सोसले त्याला ती शंका घेण्याचा पूर्ण अधिकार आहे आणि त्या काळातील निर्बंधांकडे पाहता ती निराधार वाटत नाही. पण शंका म्हणजे पुरावा नव्हे. समाजमाध्यमांवर मात्र हीच शंका सिद्ध झालेल्या सत्यासारखी फिरते, तिच्यात नवनवी नावे भरली जातात, कोणाकोणाला गुप्तचर संस्थांचे हस्तक ठरवले जाते. ज्या मापाने १९९४ च्या वृत्तपत्रांना दोषी ठरवायचे, ते माप आपल्याला आवडणाऱ्या कथेसाठी बदलता येणार नाही.

या संदर्भात मराठी पत्रकारितेच्या इतिहासातील एक प्रसंग आठवण्याजोगा आहे. कोल्हापूरचे छत्रपती चौथे शिवाजी महाराज यांचा छळ होत असल्याच्या वार्तांनी १८८१ च्या सुमारास अवघा महाराष्ट्र अस्वस्थ होता. ‘केसरी’ आणि ‘मराठा’ ही पत्रे त्या वर्षीच सुरू झालेली, आगरकर आणि टिळक हे संपादक ऐन पंचविशीतील. कोल्हापूरचे दिवाण रावबहादूर बर्वे यांच्यावर या पत्रांनी घणाघाती टीका केली आणि तिला आधार होता बर्वे यांच्या म्हणून हाती आलेल्या काही पत्रांचा. बर्वे यांनी बदनामीचा खटला भरला. ती पत्रे बनावट असल्याचे ध्यानात येताच टिळक-आगरकरांनी दिलगिरी व्यक्त केली, मात्र खटला चालूच राहिला. जुलै १८८२ मध्ये दोघांना चार महिन्यांची साधी कैद झाली आणि सूट मिळून १०१ दिवसांनी डोंगरीच्या तुरुंगातून त्यांची मुक्तता झाली. आगरकरांनी त्या दिवसांवर पुस्तक लिहिले, ते सर्वांना परिचित आहे.

या प्रसंगाचा उल्लेख बहुधा दोन थोर पुरुषांचा पहिला कारावास म्हणून अभिमानाने केला जातो, आणि तो अभिमान रास्तच आहे. परंतु त्यातील दुसरी बाजू झाकली जाऊ नये. महाराजांविषयीची कळकळ शंभर टक्के खरी होती. १८८३ च्या डिसेंबरात अहमदनगरला त्यांचा जो करुण अंत झाला, त्याने ती खरी असल्याचेच दाखवून दिले. तरीही कागद खोटा होता. हेतू शुद्ध असल्याने कागद खरा ठरत नाही, हे त्या तरुण संपादकांनी स्वीकारले, चूक कबूल केली आणि शिक्षाही भोगली. केरळातील प्रकरणात खोटे छापणाऱ्यांपैकी किती जणांनी इतके केले?

प्रश्न कायद्याचाही आहे. वृत्तपत्र परिषदेच्या १९७८ च्या कायद्यानुसार परिषद दोषी वृत्तपत्राला समज देऊ शकते, त्याची निर्भर्त्सना करू शकते. दंड करण्याचा किंवा नुकसानभरपाई देववण्याचा अधिकार तिला नाही. दूरचित्रवाहिन्या तर तिच्या कक्षेतच येत नाहीत. ऑगस्ट २००७ मध्ये दिल्लीतील एका शिक्षिकेविरुद्ध ‘लाइव्ह इंडिया’ वाहिनीने छुप्या कॅमेऱ्याचे चित्रण दाखवले. संतप्त जमावाने शाळेला वेढा घातला, त्या बाईंना मारहाण केली, अंगावरचे कपडे फाडले. त्यांना तत्काळ सेवेतून दूर करण्यात आले. नंतर उघड झाले की चित्रण बनावट होते. वाहिनीला शिक्षा झाली ती एक महिना प्रक्षेपण बंद ठेवण्याची. एक महिना! पुढच्याच वर्षी २६ नोव्हेंबरच्या हल्ल्यात नरिमन हाऊसवर उतरणारे कमांडो वाहिन्या थेट दाखवत राहिल्या आणि पलीकडे दूरचित्रवाणीसमोर बसलेले सूत्रधार ते पाहून दहशतवाद्यांना सूचना देत राहिले. कसाबच्या अपिलावरील २०१२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने वाहिन्यांच्या या वर्तनावर कठोर ताशेरे ओढले. २०२१ च्या जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयाने एका अभिनेत्याच्या मृत्यूच्या निमित्ताने चाललेल्या ‘माध्यमखटल्या’विषयी वाहिन्यांना मर्यादा आखून दिल्या. ताशेरे आणि मर्यादा निकालपत्रांत आहेत. रात्री नऊच्या चर्चेत त्यांचा मागमूस नसतो.

आणि आता तर बातमी पसरवायला वाहिनीचीही गरज उरलेली नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यातल्या राईनपाडा गावी आठवड्याचा बाजार भरला होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षा मागत तेथे पोहोचले. मुले पळवणारी टोळी फिरत असल्याचे संदेश आणि चित्रफिती कित्येक दिवस भ्रमणध्वनींवर फिरत होत्या. जमावाने त्या पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठेचून मारले. पिढ्यान्‌पिढ्या दारोदार देवाचे नाव घेत हिंडणारी ही माणसे, गाव त्यांना ओळखत नव्हते आणि भ्रमणध्वनी मात्र ओळखत होता. १६ एप्रिल २०२० च्या रात्री पालघर जिल्ह्यात गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांचा वाहनचालक यांची हत्या झाली, तेव्हाही त्या परिसरात चोर आणि मुले पळवणारे फिरत असल्याच्या अफवांचे पीक आलेले होते. त्या साधूंसाठी हळहळलेल्या घरांतील भ्रमणध्वनी त्या सप्ताहात तपासले असते, तर न पडताळता पुढे ढकललेले किती संदेश सापडले असते? ते संदेश धाडणारे कोणी गुंड नव्हेत. सकाळी देवपूजा आटोपून, चहाचा पेला हाती घेऊन, ‘सावधान! सर्वांना पाठवा’ असे लिहिलेला मजकूर नातेवाइकांच्या गटावर टाकणारे काका आणि मावशीच ते असतात. त्यांना कोणाचे वाईट करायचे नसते. राईनपाड्यातही बहुतेकांना आपापल्या मुलांचे रक्षणच करायचे होते.

नंबी नारायणन यांनी मात्र सोडले नाही. मानवाधिकार आयोगाने २००१ मध्ये त्यांना दहा लाखांची अंतरिम भरपाई देवविली, ती हाती पडण्यासही अकरा वर्षे आणि उच्च न्यायालयाचा आदेश लागला. अखेर १४ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांची अटक अनावश्यक होती, त्यांचा छळ झाला, असे स्पष्ट करून पन्नास लाख रुपये भरपाई आणि दोषी अधिकाऱ्यांच्या चौकशीसाठी न्या. डी. के. जैन यांची समिती नेमली. २०१९ मध्ये केंद्र सरकारने त्यांना पद्मभूषण दिले. २०२० मध्ये केरळ सरकारने आणखी एक कोटी तीस लाख दिले. २०२४ मध्ये सीबीआयने पोलिस आणि गुप्तचर विभागाच्या पाच माजी अधिकाऱ्यांवर आरोपपत्र दाखल केले. त्या महिलेला अडकवण्यामागे एका पोलिस अधिकाऱ्याचा वैयक्तिक राग होता, असे त्यात म्हटले आहे. हे आरोप आहेत आणि ते सिद्ध व्हायचे आहेत, हे लिहिणे येथे तरी अगत्याचे आहे. भरपाईची ही सर्व रक्कम सरकारी तिजोरीतून, म्हणजे करदात्यांच्या खिशातून गेली. ज्यांचा खप त्या दिवसांत वाढला, त्यांच्या तिजोरीतून नव्हे. आरोपपत्रात पोलिस आहेत, गुप्तचर आहेत. संपादक एकही नाही.

या प्रकरणात के. चंद्रशेखर नावाचे आणखी एक आरोपी होते. ग्लावकॉसमॉसचे भारतातील प्रतिनिधी म्हणून काम केले, एवढाच त्यांचा संबंध. १९९८ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल त्यांच्याच नावाने ओळखला जातो. नंतरची वर्षे ते बंगळुरूला राहिले आणि २०१८ च्या त्या निकालाची वाट पाहत होते. १४ सप्टेंबरच्या सकाळी ते बेशुद्धावस्थेत गेले. काही तासांनी दिल्लीत निकाल वाचला गेला आणि दूरचित्रवाणीवर झळकला. त्यांना तो कळलाच नाही. दोन दिवसांनी, १६ सप्टेंबरला, त्यांचे निधन झाले.